काळ्या मातीत आठ फूट शोषखड्डा : माणूस आत उतरवायचा की नाही?

पांदणरस्ता | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यात छोटी-मोठी बांधकामं घेतो. सध्या एका गावात शाळेच्या दोन नव्या खोल्या आणि आवाराचं काम चालू आहे. छपराचं आणि आवाराचं पाणी गावनालीत न सोडता जागेवरच जिरवायचं ठरलंय. त्यासाठी नऊ शोषखड्डे, खोल्यांच्या मागून साठ मीटर शोषचर आणि समोर पाणी झिरपू देणारे पेव्हर ब्लॉक.

नकाशात खड्डा चार फुटांचा आहे. पण आमच्याकडे काळी माती सात फुटांपर्यंत जाते, मुरूम त्याच्याखाली. चार फुटांवर थांबलं की शोषखड्डा होत नाही, हौद होतो. म्हणून तीन खड्डे आठ फुटांपर्यंत नेले.

परवा दुपारी जेवायच्या सुट्टीत तिसऱ्या खड्ड्याची एक बाजू बसली. आत कोणी नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी दोघे जण आत तळ साफ करत होते. मी लिंबाखाली डबा उघडला होता. आवाजही फार मोठा झाला नाही, धान्याचं पोतं टाकल्यासारखा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, उन्हाळ्यात ही माती दगड असते, एखाद्या वेळी होते असं." मजूर जेवून पुन्हा उतरायला तयार होते. मीच काम थांबवलं.

मृगाच्या आधी हे संपवायचंय. इस्टिमेटमध्ये लाकडी आधाराला एक रुपया धरलेला नाही. तुमच्याकडे कसं करता? "आमच्याकडे कधी काही झालं नाही" हे उत्तर मिस्त्रीकडून मिळालेलं आहे, ते सोडून बोला.

---

गिट्टीवाला | ११ मे, रात्री १०:०५

तरी बोलतोच. भाऊ, मी वीस वर्षांपासून विहिरी खोदून रायलो. पन्नास-पन्नास फूट गेलो, तुमचा आठ फुटाचा गड्डा म्हणजे आमच्यासाठी पायरी हाये. मजुराले भेव दाखवलं का तो कामच करत नाही. एक बाजू बसली तं माती काढून घ्या आन् पुढं चला.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ मे, रात्री १०:११

पन्नास फूट गेले म्हणता, वर किती जण आले ते पण सांगा राजेहो.

---

गिट्टीवाला | ११ मे, रात्री १०:१९

सगळे आले. एकाचा पाय गेला फक्त.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ मे, रात्री १०:२०

"फक्त".

---

जुना_ओव्हरसियर | १२ मे, सकाळी ६:५०

पांदणरस्ता, काम थांबवलंत हे उत्तम केलंत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सवयीने नियम सांगतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांना सुरक्षा नियम जोडलेले असतात. त्यात खोदकामाचं सगळं आहे. चर दीड मीटर किंवा जास्त खोल असेल तर बाजूंना उतार द्यायचा, पायऱ्या काढायच्या नाहीतर लाकडी आधार लावायचा. चार फुटांपासून पुढे शिडी हवीच, दर ३० मीटरला एक, आणि ती जमिनीच्या वर निदान ९० सेंटिमीटर निघालेली हवी. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तितकी दूर. आणि खालून पोखरत जायचं नाही, वरून खाली यायचं.

लाकडी आधार ही दरसूचीत वेगळी बाब असते. इस्टिमेट करणारा ती घ्यायला विसरतो, कारण नकाशात खड्डा चार फुटांचा असतो. कागदावर तुम्ही कुठेच आठ फूट गेलेला नाहीत, हे लक्षात आलंय का?

एक प्रश्न. खोदलेली माती कुठे टाकली होती?

---

पांदणरस्ता | १२ मे, सकाळी ७:१५

काठावरच. जेसीबीवाला तिथेच टाकून मोकळा झाला. आणि बाजू बसली ती नेमकी तीच.

---

मातीमोल | १२ मे, सकाळी ८:३०

मिस्त्रीचं "उन्हाळ्यात ही माती दगड असते" अर्धं खरं आहे, घोळ तिथेच होतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत अख्खा हात जातो, त्या कुठवर गेल्यात ते वरून दिसत नाही. खड्डा खोदला की त्याची भिंत म्हणजे खरं तर भेगांनी आधीच सुटी झालेली लादी. पुढून धरणारं काही उरलेलं नसतं, मागे भेग तयारच असते. वर मातीचा ढीग ठेवला की ती लादी निघते. फुगत नाही, ढासळत नाही, सरळ निघते. म्हणून आवाज पोत्यासारखा.

वजनाचा हिशोब करा. सहा फूट लांब, तीन फूट उंच, एक फूट जाड लादी म्हणजे १८ घनफूट. तुमच्या भाषेत ब्रासचा (शंभर घनफुटांचा) पाचवा हिस्सासुद्धा नाही. पण वजन साडेआठशे किलोच्या घरात. आत बसून तळ खरवडणाऱ्या माणसाच्या छातीवर एवढं आलं तर डोकं बाहेर असूनही त्याला श्वास घेता येत नाही.

पहिल्या पावसानंतर तर विचारूच नका. पाणी आधी भेगांत शिरतं, वरचा थर नंतर भिजतो. भिंत बाहेरून कोरडी आणि मागून ओली.

म्हणून रोज सकाळी उतरण्याआधी काठाला समांतर जाणारी भेग दिसते का ते बघा. दिसली तर त्या दिवशी कोणीही आत नाही.

---

खारपाणपट्टा | १२ मे, दुपारी १:०२

आमच्या दर्यापूरकडे या, मुरूम शोधून दाखवा. पूर्णेच्या खोऱ्यात खाली गाळाची मातीच माती आणि खाली पाणी खारं. इथे शोषखड्डा म्हणजे शासनाच्या पैशाने केलेली डासांची शाळा. पाणी साठवायचं तर शेततळं, तेही प्लास्टिक अंथरून. म्हणून आमच्याकडे भीती वेगळी आहे. शेततळ्यात पडलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही. पोहता येणारासुद्धा. शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही, नखं लागत नाहीत.

---

नदीकाठची | १२ मे, दुपारी २:४०

खारपाणपट्टा यांना अनुमोदन. आमच्या शेततळ्यात आता चारही बाजूंना गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून आत सोडलाय, आणि दोन जुने टायरचे ट्यूब तरंगत ठेवलेत. सासरे म्हणाले होते, हे काय जत्रेसारखं. नंतर त्याच दोराला धरून आमचं वासरू काढलं.

अवांतर झालं, माफ करा.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ मे, दुपारी २:४४

वासराने दोर धरला की तुम्ही?

---

नदीकाठची | १२ मे, दुपारी २:५१

दोर वासराच्या पोटाखालून घातला, ओढलं नवऱ्याने, सूचना मी दिल्या. पुरे?

---

पायलीभर_बोलते | १२ मे, संध्याकाळी ७:२५

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, अभियंता नाही. धाग्यात सगळे मजुरांबद्दल बोलताहेत, बरोबरच आहे. पण पाच वाजता मजूर घरी जातात आणि खड्डा तिथेच राहतो. शाळेच्या आवारात! सुट्ट्या आहेत, म्हणजे पोरं दिवसभर तिथेच क्रिकेट खेळतात. चेंडू खड्ड्यात गेला की काय होणार, ते सांगायला नको.

आमच्या गावात नळाच्या पाइपासाठी चर खोदून ठेवला होता. रात्री लाइट गेली, एक म्हातारी त्यात पडली, खुबा मोडला. ठेकेदाराने चराच्या दोन टोकांना दोन झुडपं टाकली होती, मधले चाळीस मीटर मोकळे. तेव्हापासून मी ठरावात लिहून घेते: जेवढं त्या दिवशी भरून होईल तेवढंच खोदायचं. उरलं तर चारही बाजूंनी बल्ल्या आणि दोरी, वर पत्रा, पत्र्यावर दगड. नुसती लाल-पांढरी पट्टी बांधू नका, बकऱ्या खातात.

---

जुना_ओव्हरसियर | १२ मे, रात्री ८:१०

ताई, "जेवढं भरून होईल तेवढंच खोदायचं" हे वाक्य सगळ्या नियमांच्या वर लिहायला हवं. जेसीबी तासावर येतो म्हणून ठेकेदार नऊच्या नऊ खड्डे एका दिवसात काढून ठेवतो आणि मग पंधरा दिवस गिट्टीची वाट बघतो.

---

पांदणरस्ता | १२ मे, रात्री ८:३२

मीच तो ठेकेदार. आज तिन्ही खड्ड्यांवर पत्रे टाकले. माती मागे सारून घेतली.

आता ओव्हरसियर साहेबांच्या पायऱ्यांचा हिशोब केला. चार बाय चार, आठ फूट खोल खड्डा मधे चार फुटांवर पायरी देऊन काढायचा तर वरचं तोंड बारा बाय बारा होतं. खोदकाम सव्वा ब्रासवरून साडेसहा ब्रासच्या जवळ जातं. पाचपट! शाळेचं अर्धं मैदान जाईल. आणि मग त्या मोकळ्या केलेल्या भागात पुन्हा माती भरायची, ती दरवर्षी बसत राहणार.

---

मातीमोल | १२ मे, रात्री ९:०५

तुम्ही उत्तर चुकीच्या बाजूने शोधताय. मला सांगा, ते दोघे आत तळ साफ का करत होते? शोषखड्ड्याचा तळ साफ कशाला लागतो? फरशी बसवायची आहे का?

---

पांदणरस्ता | १२ मे, रात्री ९:२०

...मिस्त्रीची सवय. पायाचा खड्डा जसा घासून घेतात तसा.

---

मातीमोल | १२ मे, रात्री ९:४८

तेच. पायाच्या खड्ड्याला तळ घट्ट आणि सपाट हवा. शोषखड्ड्याला उलट हवं. घासून, चोपून तुम्ही मुरुमाची छिद्रं बुजवता. सुटी माती जेसीबीच्या बकेटने जितकी निघेल तितकी काढा आणि सोडून द्या.

आत उतरायची बाकी कारणंही तपासा. जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) लावायचं? वरूनच सोडता येतं, खालच्या काठाला बांबू बांधला की वजनाने बसतं. मधला भोकांचा पाइप? वरून उभा धरायचा, बोल्डर बकेटने हळूहळू सोडले की तो उभा राहतो. बोल्डर हाताने रचायचे? काही गरज नाही. एकही माणूस आत न जाता आठ फुटांचा खड्डा पूर्ण होतो. आधार त्याला हवा जो आत उभा राहणार आहे.

---

गिट्टीवाला | १२ मे, रात्री १०:१५

आन् सिमेंटच्या रिंगा टाकायच्या असल्या तं? त्या का मंत्रानं बसतात? आमच्या इकडं सगळे रिंगाच टाकतात.

---

मातीमोल | १२ मे, रात्री १०:३०

तीन फूट व्यासाची, एक फूट उंचीची, दोन इंच जाडीची रिंग शंभर किलोच्या पुढे भरते. ती जेसीबीच्या दाताला साखळी अडकवून सोडतात आणि खाली एक जण हात वर करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत उभा असतो. तुम्ही बघितलंय ना हे?

---

गिट्टीवाला | १२ मे, रात्री १०:३४

पाह्यलं काय, म्याच उभा रायतो. बोट चेंदलं होतं माह्यं दोन वर्षांमांगं. पटलं ना बाप्पा, रिंगा नाही टाकत.

---

बोडीवाला | १३ मे, सकाळी १०:०८

साकोलीकडून एक आडवा मुद्दा. तुम्ही लोक मुरूम सापडेना म्हणून खोल जाता. आमच्या भंडारा-गोंदियात पावसाळ्यात खड्डा चार फूट गेला की पाणी खालून वर येतं. तिथे जिरवायला जागाच नसते. आमच्या पूर्वजांनी, कोहळी समाजाच्या मंडळींनी, तलाव आणि बोड्या (छोटी तळी) का बांधल्या असतील? उगीच नाही. पाणी अडवा, संथ करा, पसरवा. खोल कशाला घुसवता? तुमच्या शाळेच्या मागे उताराला जागा असेल तर गवताचा उथळ चर काढा, दीड फूट खोल, रुंद. पोरगं पडलं तर गुडघा फुटेल फार तर.

---

मातीमोल | १३ मे, सकाळी ११:२०

बोडीवाला यांच्याशी ९० टक्के सहमत. नुसत्या काळ्या मातीत उथळ चर मुरवणार कमी, पण वेग मोडतो आणि गाळ खाली बसवतो. गाळ फार महत्त्वाचा. बांधकाम चालू असतानाच शोषखड्ड्यात पाणी सोडलं की सगळी सिमेंटची चिखलराड आत जाते, दोन पावसांत खड्डा तुंबतो. मग "साफ करायला" पुन्हा माणूस उतरतो, या वेळी कुजक्या पाण्यात. म्हणून आधी गाळटाकी, आणि आवार पूर्ण झाल्याशिवाय जोडणी नाही.

पांदणरस्ता, उरलेल्या सहा खड्ड्यांसाठी हे बघा: तीन फूट खोल लांब चर घ्या, आणि चराच्या तळातून हाताच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) नऊ इंची भोकं खाली मुरुमापर्यंत. भोकात जाड रेती-गिट्टी. माणूस तीन फुटांतच राहतो. फक्त ऑगर फिरताना काळी माती भोकाच्या भिंतीला लिंपली जाते, ती तारेच्या ब्रशने खरवडायची, नाहीतर सारवलेल्या भिंतीसारखी पाणी धरून ठेवते.

---

पाळणाघर_ते_पीएचसी | १३ मे, रात्री ८:५५

आरोग्यसेविका आहे. कुजक्या पाण्याचा विषय निघालाच म्हणून लिहिते.

सांडपाण्याच्या बंद खड्ड्यात सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि लोक म्हणतात "आता वास गेला, उतरा". एक उतरतो, पडतो. दुसरा त्याला काढायला, तिसरा दुसऱ्याला. गावात अशा घटनेत एकटा माणूस क्वचितच जातो. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत प्राणवायू कमी असल्याचं सांगते, विषारी वायूचं नाही. संडासाच्या टाकीत माणूस उतरवायला तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदाच आडवा येतो, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. त्यासाठी रिकामा करणारा टँकर बोलवा.

दुसरं, विहिरीत किंवा खड्ड्यात पाणी उपसायला इंजिन आत उतरवू नका. धूर दिसतो त्यापेक्षा न दिसणारा जास्त वाईट. इंजिन वर, पाइप आत.

तिसरं, ऊन. खड्ड्यात वारा नसतो. सहाला सुरू करा, अकराला बंद. घाम थांबला, बडबड सुरू झाली की तो माणूस "पिऊन आलाय" असं समजू नका. सावली, अंगावर पाणी, १०८.

आणि माती अंगावर पडली तर त्या माणसावर जेसीबी चालवू नका. हातांनी, घमेल्यांनी, आधी तोंड आणि छाती मोकळी. जे धावत येतात त्यांना काठापासून मागे ठेवा, नाहीतर दुसरी बाजू त्यांच्यासकट येते.

---

नदीकाठची | १३ मे, रात्री ९:१०

+१. आणि सकाळी उतरण्याआधी काठीने ठोका. रात्री खड्ड्यात पडलेली घोणस सकाळी कोपऱ्यातच असते, तिला वर चढता येत नाही.

---

हेल्मेटधारी | १४ मे, सकाळी ९:३३

आमच्या साइटवर बारा हेल्मेट दिले होते. आठवडाभरात दोन कोंबड्यांच्या पाण्याला, एक सिमेंट मोजायला, बाकीची घरी. एका मजुराने प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, डोस्क्याचं आम्ही पाहू, बूट द्या." बूट दिले, ते रोज घालून येतात. खिळा पायात जातो हे त्यांना माहीत आहे, डोक्यावर दगड पडेल हे अजून फक्त आपल्यालाच माहीत आहे.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली का तुमच्या मजुरांची? वर्षात ९० दिवसांचं काम हवं, वय १८ ते ६०. सुरक्षा संच तिथूनही मिळतो.

---

पांदणरस्ता | १४ मे, सकाळी १०:०२

अकरापैकी चार जणांची आहे. बाकीच्यांचे ९० दिवस भरतात, पण ते माझ्याकडे तीस, दुसऱ्याकडे तीस, कापूस वेचायला तीस. कापसाचे धरत नाहीत.

---

बोडीवाला | १४ मे, सकाळी १०:४०

धाग्याचा विषय भरकटण्याआधी: ट्रॅक्टरवाला गिट्टी टाकायला मागे येतो तेव्हा चाक कुठे थांबतं? आणि ट्रॉली वर उचलते तेव्हा वर वीजतार आहे का? आमच्या इथे ११ केव्हीची लाइन शाळेवरूनच जाते.

---

पांदणरस्ता | १४ मे, सकाळी ११:१५

तार आहे, पश्चिमेच्या कुंपणावरून. त्या बाजूला ट्रॉली नेत नाही, घमेल्यांनी नेतो. चाकाचा विचार केला नव्हता.

---

वऱ्हाडी_ठेचा | १४ मे, सकाळी ११:१८

वाचनखूण साठवली. पुढच्या वेळी शोषखड्डा म्हणाल तर मी आधी हाच धागा पाठवीन, मग पाणी.

---

पांदणरस्ता | २६ मे, रात्री ९:०५

उशीर झाला, काम चालू होतं.

तीन खोल खड्डे कोणी आत न उतरता भरले. जिओटेक्स्टाइलला खाली बांबू बांधला, पहिल्यांदा वाकडा बसला, काढून पुन्हा सोडला. बोल्डर जेसीबीने. मिस्त्री दोन दिवस रुसला होता, "तळ न घासता काम देणं म्हणजे" वगैरे. तिसऱ्या दिवशी एका खड्ड्यात टँकर रिकामा केला. तासाभरात पाणी गेलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण ब्रश घेऊन ऑगरच्या भोकांवर तोच बसला.

उरलेले सहा खड्डे रद्द, त्याऐवजी तीन फुटांचे चर आणि भोकं. नकाशा बदलायला साहेबांनी सही दिली, कारण खर्च वाढला नाही. रोज वीस मीटर खोदायचे आणि वीस मीटर भरायचे. मागच्या उताराला गवती चर, शाळेचे गुरुजी म्हणतात दुर्वा लावू.

ट्रॅक्टरसाठी काठापासून पाच फुटांवर बाभळीचा ओंडका टाकला होता, चाक तिथेच अडतं. पहिल्या रात्री कोणीतरी तो चुलीसाठी नेला. आता मोठा दगड ठेवलाय, तोही दोनदा सरकवलेला सापडला.

---

पायलीभर_बोलते | २६ मे, रात्री ९:३०

दगडाला शेंदूर लावा. मग कोणी हात लावणार नाही.

---

पांदणरस्ता | २७ मे, सकाळी ७:१०

लावला. सकाळी बघतो तर त्याच्यापुढे नारळ फोडलेला. ट्रॅक्टरवाल्याने.